रुझारची मान

माशेलातल्या आमच्या शेडीला दार नव्हतं,
गोणपाट होतं, सदा ओलं.
आत नेहमी कुणीतरी अर्धवट उभं:
कमरेपर्यंत सरदार,
वर नुसती लोखंडी सळी आणि कोंबड्यांची जाळी.
शाळेतून आले की माझं पहिलं काम
त्यांच्यावर पाणी मारणं.
माती तडकली तर बाबा माझ्यावर ओरडत,
सरदारावर नाही.

बाबा म्हणजे म्हाबळू चारी.
फिरंगी गेला त्याच्या पुढच्या चवथीआधी,
अकरा वर्षांचे असताना,
आजोबांबरोबर रंगाचे डबे आणायला पणजीला गेले
आणि धक्क्यावरच्या गोदामामागे त्यांना दिसला
चौथऱ्यावरून उतरवलेला कुणी कप्तान,
गवतात आडवा, कमरेत कापलेला.
पोर वाकून आत शिरलं.
आतून नाक म्हणजे खड्डा,
डोळ्यांच्या खोबणी आत आलेल्या, दोन टेंगळं,
ओठांच्या मागे कोळ्याचं जाळं.
आजोबांनी कान धरून बाहेर ओढलं.
"किती पातळ असतो हो,"
एवढंच ते म्हणाले म्हणे,
आणि ही गोष्ट सांगताना अंगठा नि तर्जनी
दर वेळी तेवढीच उघडायचे: पाव बोट.

पुढे चाळीस वर्षं
तसल्याच चौथऱ्यांसाठी माणसं घडवली.
समित्या यायच्या. चहा पिऊन म्हणायच्या,
मिशी दोन बोटं वाढवा.
छाती. छाती अजून.
घोड्याने कुठला पाय उचलायचा यावरून पंचायतीत हमरीतुमरी,
आणि बाबांनी घोडा जवळून पाहिलेला एकदाच,
फोंड्याला सर्कस आली तेव्हा,
राखणदाराला पाच रुपये देऊन
सुताने त्याचा गुडघा मोजलेला.
ओतकामाला सगळं कोल्हापूरला जायचं.
बिलं माझ्या अक्षरात.
काहींचे पैसे अजून यायचे आहेत.

सत्तरीच्या बंडातला तो माणूस आला
तेव्हा त्याचं चित्र कुणाकडेच नव्हतं.
पोर्तुगीज पोलिसांचा एक कागद फक्त:
उंची मध्यम. डाव्या भुवईवर व्रण. धंदा नाही.
"एवढ्यावर माणूस?" मी म्हटलं.
बाबांनी गोणपाट बाजूला केलं.
रुझार पदेर सायकलचा पोंपों वाजवत येत होता,
भट्टीपुढे वाकून वाकून मान एका अंगाला गेलेली,
तरी शिरा ताठ.
"थांब रे," बाबा म्हणाले, "मान दे."
अकरा सकाळी तो उभा राहिला, हातात तलवार म्हणून फळी.
वाड्यावर पाव गार पोचले
आणि शिव्या आम्ही खाल्ल्या.

साखळीच्या तिठ्यावर पुतळा बसला.
मंत्री आले. पडदा अडकला,
एका पोराने वर चढून सोडवला.
रुझार सगळ्यांच्या मागे, सायकल धरून,
गळ्याला रुमाल गुंडाळून.

तो गेला, त्याच्या वर्षाला
चौथऱ्यावर मेणबत्तीचा बुडखा सापडला.
पुढच्या वर्षी पुन्हा.
वर्तमानपत्रात आलं, विटंबना.
निषेधाची सभा झाली,
बाबांना व्यासपीठावर बसवलं, बोला म्हणाले.
त्यांनी माइक चिमटीत धरला, गळा साफ केला.
"मेण ब्राँझला काही करत नाही,"
म्हणाले, आणि बसले.

तिसऱ्या वर्षी रात्री मला घेऊन गेले.
पहाऱ्यावरचा पोलीस बाकावर झोपलेला.
पिंपळाआड शांतानबाय, काळ्या कपड्यात,
हातात मेणबत्ती, न पेटवलेली.
"म्हाबळू," ती म्हणाली,
"ताची मान बरी आयल्या मरे."
बाबांनी काडी ओढली,
दोन्ही हातांचा आडोसा धरला,
वात विझेपर्यंत.
मग खिळ्याने मेण खरवडलं
आणि कागदात बांधून खिशात टाकलं.

शेड आता गॅरेजवाल्याला दिली आहे.
माळ्यावर साचे आहेत, प्लास्टरचे, उपडे.
काल एक उलटा केला.
नाकाचा खड्डा, डोळ्यांची टेंगळं.
बॅटरी इकडेतिकडे नेली की
आतला चेहरा वळून बघतो.
गळ्यापाशी एक भेग आहे,
जुन्या, पिवळ्या मेणाने बुजवलेली.